गाडी लागणे : एका जुन्या व्याधीचा इतिहास

घाटाचे तिसरे-चौथे वळण मागे पडते न पडते तोच गाडीतले एखादे मूल एकाएकी गप्प होते. मघापर्यंत खिडकीशी चाललेली त्याची बडबड थांबते, चेहरा उतरतो, कपाळावर गार घाम येतो. ते एकामागून एक जांभया देऊ लागते, तोंडाला सुटलेले पाणी गिळू लागते. आईने विचारले, तर ‘पोटात कसंतरी होतंय’ एवढेच त्याला सांगता येते. पुढे काय होणार, हे शेजारी बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते. कोणी लिंबू काढून देते, कोणी आवळासुपारी, कोणी घाईघाईने रिकामी पिशवी शोधू लागते. आणि एखादे वडीलधारे माणूस हमखास म्हणते, ‘निघताना एवढं खाल्लंस कशाला?’ आधीच गांगरलेल्या त्या मुलापाशी ह्या प्रश्नाचे उत्तर नसते. वस्तुतः तो प्रश्नच चुकीचा असतो. परंतु तो चुकीचा आहे हे समजावयास मनुष्यजातीला दोन हजारांहून अधिक वर्षे लागली.

ह्या विकाराला मराठी भाषेने दिलेले नाव मोठे मार्मिक आहे. भूक लागते, तहान लागते. त्याचप्रमाणे ऊन लागते, ठेच लागते, आणि गाडीही लागते. ज्यात त्या माणसाचा काही अपराध नाही, जे बाहेरून येऊन त्याला बाधते, त्यासाठी ‘लागणे’ हे क्रियापद भाषेने योजिले. पूर्वी कोकणपट्टीत ‘बोट लागणे’ हा शब्दप्रयोग घरोघर रूढ होता. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रत्नागिरी, मालवण, पणजीकडे जाणाऱ्या आगबोटी जोवर चालत होत्या, तोवर डेकवर पथारी पसरून, डोक्यावरून पदर ओढून निपचित पडलेल्या बायामाणसांचे दृश्य नित्याचेच होते. पुढे १ जून १९४८ रोजी पुण्याहून तेव्हाच्या अहमदनगरला सरकारी एस.टी.ची पहिली गाडी धावली, हळूहळू एकेक घाट मोटारींनी गजबजून गेला, आणि बोटीची जागा गाडीने घेतली. व्याधी मात्र तीच राहिली. मसुरी, दार्जिलिंग, उटी, मुन्नार अशा कोणत्याही डोंगरी वाटेवर जाणाऱ्या कुटुंबाला तिचा परिचय असतोच.

ह्या व्याधीचा इतिहास समुद्रापासून सुरू होतो. मळमळीला इंग्रजीत जो ‘नॉशिया’ शब्द आहे, त्याचे मूळ जहाजवाचक ग्रीक शब्दात आहे. म्हणजे ग्रीकांच्या लेखी मळमळ म्हणजे मुळात जहाजावरचेच दुखणे. हिपोक्रेटिसच्या नावे असलेल्या वैद्यकीय सूत्रांतही समुद्रप्रवासाच्या दाखल्यावरून हालचालीने शरीर बिघडते असे नमूद केलेले आहे. रोमन तत्त्ववेत्ता सेनेका ह्याने आपल्या एका पत्रात स्वतःची फजिती प्रांजळपणे सांगितली आहे. नेपल्सच्या किनाऱ्यावरून जवळच्याच एका बंदराकडे तो नावेने निघाला. वाटेत समुद्र खवळला आणि त्याला अशी काही बोट लागली की, किनारा जवळ येताच त्याने सरळ पाण्यात उडी घेतली. धीरोदात्तपणाचा उपदेश करणाऱ्या ह्या तत्त्वज्ञाला बुडण्याचे भय वाटले नाही, पण मळमळ असह्य झाली. चीनच्या प्राचीन वैद्यकग्रंथांत तर जहाजाने होणाऱ्या आणि गाडीने होणाऱ्या त्रासाला वेगवेगळी नावे आढळतात. एवंच, चाकाच्या गाडीचा त्रास हा मोटारीबरोबर जन्माला आलेला नाही. तो बैलांच्या आणि घोड्यांच्या गाड्यांइतका जुना आहे.

शूर आणि विद्वान पुरुषांनाही ह्या व्याधीने कधी सोडले नाही. इंग्लंडचा सुप्रसिद्ध आरमारी सेनापती नेल्सन ह्याचे उभे आयुष्य समुद्रावर गेले, तरी वादळी हवेत त्याला बोट लागे, आणि हे त्याने पत्रांतून मोकळेपणे कबूल केले. चार्ल्स डार्विन डिसेंबर १८३१ मध्ये ‘बीगल’ जहाजावर चढला; त्या जवळजवळ पाच वर्षांच्या सफरीत समुद्राने त्याला वारंवार बेजार केले, आणि सफरीच्या आरंभी तर बेदाण्यांखेरीज काहीच त्याच्या पोटात ठरत नव्हते. सवयीने ही व्याधी सर्वांचीच सुटते असे नाही, आणि भित्रेपणाशी तर तिचा काडीमात्र संबंध नाही, हे सिद्ध करावयास एवढी दोन नावे पुरेत.

एकोणिसाव्या शतकात आगबोटींचा प्रवास वाढला, तसा ह्या दुखण्यावरच्या उपायांनाही ऊत आला. कोणी म्हणे पोटातील अवयव हिंदकळतात, म्हणून पोटाला घट्ट पट्टा बांधावा. कोणी पाठीच्या कण्यावर बर्फाच्या पिशव्या ठेवी. कोणी पित्ताला दोष देई. ह्या सर्वांवर कडी केली ती हेन्री बेसेमर ह्याने. स्वस्त पोलाद तयार करण्याच्या पद्धतीमुळे ज्याचे नाव जगभर झाले, तोच हा बेसेमर. १८६८ साली फ्रान्सच्या कॅले बंदरातून इंग्लंडला परतताना त्याला बोट लागली, आणि ह्या दुखण्याचे उच्चाटन यंत्रविद्येनेच करावयाचे असे त्याने मनावर घेतले. जहाज कितीही डोलले तरी आतला दिवाणखाना स्थिर राहावा, अशी त्याची कल्पना होती. झोपाळ्यासारखा आसावर टांगलेला दिवाणखाना, आणि पाणसळीकडे डोळा लावून तो पाण्याच्या दाबाने समतोल ठेवणारा एक माणूस, अशी योजना करून त्याने प्रचंड खर्चाने एक जहाज बांधविले. ८ मे १८७५ रोजी ते जहाज कॅलेच्या धक्क्यावर जाऊन आदळले; बेसेमरचा पैसा बुडाला आणि प्रयोगही तिथेच थांबला. ह्या प्रयोगाकडे हसण्यावारी पाहून चालणार नाही. दुखणे पोटात नसून हालचालीत आहे, हे त्या पोलादी माणसाने बरोबर ओळखले होते. फक्त ती हालचाल शरीरात नेमकी कोठे जाणवते, हे त्याच्या काळी उजेडात यावयाचे होते.

ते रहस्य दडलेले होते कानात. कानाच्या अंतर्भागात, ऐकण्याच्या शंखाकृती नळीला लागूनच, तीन अर्धवर्तुळाकार नलिका परस्परांशी काटकोन करून बसविल्यासारख्या असतात. १८२० च्या दशकात फ्लूरांस ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने कबुतरांच्या ह्या नलिका छेदून पाहिल्या. पक्ष्यांचे ऐकणे कायम राहिले, पण तोल पार गेला. तरीही ह्या नलिका आणि समतोल ह्यांचा संबंध पूर्णपणे उलगडावयास अर्धशतक जावे लागले. १८७३ ते १८७५ च्या सुमारास एर्न्स्ट माख, योसेफ ब्रॉयर आणि क्रम ब्राउन ह्या तिघांनी स्वतंत्रपणे एकच निष्कर्ष काढला : डोके वळले की नलिकांतील द्रव मागे रेंगाळतो, आणि त्या रेंगाळण्यावरून मेंदूला वळण कळते. ह्या नलिकांशेजारीच दोन लहान पिशव्या असतात. त्यांतील सूक्ष्म खड्यांच्या भारावरून मेंदूला चढ, उतार आणि धक्के समजतात. अशा रीतीने ऐकण्याचे इंद्रिय म्हणून ओळखला जाणारा कान हा तोल सांभाळणाऱ्या एका निराळ्या इंद्रियाचेही घर ठरला. ह्याच इंद्रियावरील संशोधनाबद्दल रॉबर्ट बारानी ह्याला १९१४ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. ती वार्ता आली तेव्हा तो रशियात युद्धकैदी होता.

मग कान आणि मळमळ ह्यांची सांगड कोणी घातली? १८८१ साली आयर्विन नावाच्या वैद्याने बोटीचे, गाडीचे आणि झोपाळ्याचे दुखणे एकच आहे असे प्रतिपादन करून त्याला ‘गतिजन्य विकार’ अशा अर्थाचे नाव दिले. पुढच्याच वर्षी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स ह्याने एक साधा पण विलक्षण प्रयोग केला. त्याने ५१९ बधिर व्यक्तींच्या बाबतीत गरगर फिरविल्यावर घेरी येते की नाही ह्याची माहिती जमविली. त्यांपैकी १८६ जणांना घेरी मुळी आलीच नाही. आणि ज्यांचे आतील कान निकामी होते, त्यांच्यापैकी जे खवळलेल्या समुद्रावर जाऊन आले होते, त्यांना बोटही लागली नव्हती! पोट सर्वांना सारखेच होते. नव्हते ते फक्त कानातील हे इंद्रिय. ‘एवढं खाल्लंस कशाला’ ह्या प्रश्नाचा निकाल वास्तविक त्याच दिवशी लागला.

परंतु एक कोडे शिल्लक होते. कान हालचाल ओळखतो, हे ठीक. पण मग चालताना, धावताना, लगोरी खेळताना मळमळ का होत नाही? ह्याचे उत्तर विसाव्या शतकात मिळाले, आणि ते प्रथम महायुद्धांनी व नंतर अंतराळप्रवासाने पुढे आणले. ऑगस्ट १९६१ मध्ये घेर्मान तितोव हा पंचवीस वर्षांचा सोव्हिएत अंतराळवीर पृथ्वीभोवती एक दिवसाहून अधिक काळ फिरला, आणि अंतराळात ‘यान लागलेला’ तो पहिला मानव ठरला. ह्या व अशा अनुभवांतून जो विचार आकारास आला, तो १९७५ साली जेम्स रीझन आणि ब्रँड ह्या दोघांनी एका ग्रंथात व्यवस्थित मांडला. डोळा एक सांगतो, कान दुसरेच सांगतो, आणि आजवरच्या अनुभवावरून मेंदूने बांधलेल्या अपेक्षेशी ह्या दोन साक्षी जुळत नाहीत. ह्या विसंवादातून मळमळ उपजते. धावणाऱ्या मुलाच्या बाबतीत सर्व साक्षी जुळतात. गाडीत बसलेल्या मुलाच्या बाबतीत त्या फुटतात.

पण साक्षी फुटल्या तर वांती कशासाठी? ह्यावर १९७७ साली ट्राइजमन ह्या मानसशास्त्रज्ञाने एक तर्क मांडला. निसर्गात डोळा आणि कान ह्यांचा मेळ प्रामुख्याने बिघडतो तो विषारी कंदमुळे खाल्ल्यावर. म्हणून असा बिघाड होताच पोटात विष गेले असे मेंदू समजतो आणि ते बाहेर काढण्याची आज्ञा देतो. हा तर्क सर्वांनीच मान्य केलेला नाही. तथापि त्याने एक गोष्ट सुचविली. गाडीत ओकणाऱ्या मुलाचे शरीर दुर्बळ असते असे नव्हे; ते कदाचित एका प्राचीन रक्षकाची नको तितकी दक्षता दाखवीत असते.

ह्या ज्ञानाच्या उजेडात लहान मुलांची स्थिती पाहिली म्हणजे अनेक गोष्टींचा उलगडा होतो. दोन वर्षांखालील बाळांना गाडी क्वचितच लागते. त्यानंतर त्रास वाढत जातो, साधारणपणे सहा ते बारा ह्या वयात तो सर्वांत अधिक असतो, आणि तारुण्यात बहुतेकांचा ओसरतो. ह्या वयाचे मूल मागच्या आसनावर बसले की त्याला रस्ता दिसत नाही. दिसते ती पुढच्या आसनाची पाठ. ती पाठ मुलाबरोबरच धावत असल्यामुळे डोळ्याला ती स्थिर भासते. डोळा म्हणतो ‘आपण घरात बसलो आहोत’. कान म्हणतो ‘आपण वळत आहोत, चढत आहोत’. त्यात मुलाच्या हाती चित्रांचे पुस्तक किंवा मोबाइल दिला, म्हणजे डोळ्याची खोटी साक्ष अधिकच पक्की होते. १९९९ साली ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ३,२५६ बसप्रवाशांची विचारपूस करण्यात आली. ज्यांना पुढचा रस्ता दिसत नव्हता त्यांना त्रास अधिक झाला होता. गाडी चालविणाऱ्याला गाडी सहसा लागत नाही, ह्याचे कारणही हेच. वळण येण्यापूर्वीच त्याचे डोळे ते पाहतात आणि मेंदू सावध असतो.

उपायही ह्यातूनच निघतात. मुलाला त्याच्या वयाला योग्य अशा उंच आसनावर बसवावे, म्हणजे त्याची नजर समोरच्या काचेतून दूरवर जाईल. बसमध्ये मागच्या चाकांपलीकडच्या जागा टाळून पुढच्या भागातील जागा घ्यावी. लांबचा डोंगर, देवळाचा कळस, क्षितिज असे काही स्थिर दृश्य त्याला दाखवीत राहावे. डोके मागे टेकवून ठेवावे. आणि झोप येत असेल तर झोपू द्यावे, कारण मिटलेला डोळा खोटी साक्ष देत नाही. उपाशीपोटी निघू नये आणि तळलेले खाऊनही निघू नये. हलका, कोरडा खाऊ उत्तम. अत्तर, विडी-सिगारेट आणि इंधनाचा वास ह्यांपासून दूर राहावे, गार वारा घ्यावा, तास-दीड तासाने थांबून मुलाला चार पावले चालवावे. अमेरिकेत १९७० च्या दशकात झालेल्या प्रयोगांत असे आढळले की, सुमारे पाच सेकंदांत एक ह्या गतीचे संथ हेलकावे सर्वांत अधिक मळमळ आणतात. खडखडाटापेक्षा हिंदोळा वाईट. म्हणून वळणावर वेग आवरणारा आणि एकाएकी ब्रेक न दाबणारा चालक हे मुलासाठी अर्धे औषधच होय.

येथे एका जुन्या सवयीविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. मुलाला गाडी लागते म्हणून त्याला पुढच्या आसनावर मांडीवर घेऊन बसणे, किंवा खिडकीबाहेर डोके काढून ओकावयास सांगणे, हे प्रकार रस्तोरस्ती दिसतात. अचानक ब्रेक लागला तर मांडीवरचे मूल कोणत्याही हातांत राहत नाही. घाटात समोरून येणारे वाहन खिडकीला घासून जाते. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात झालेल्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलाला पट्ट्याने किंवा बालआसनाने सुरक्षित बसविणे बंधनकारक केले आहे. मळमळीचा त्रास तासाभराचा असतो. तो टाळण्यासाठी जिवाची जोखीम घ्यावयाची नसते. एक पिशवी आणि एक ओला रुमाल जवळ असला की पुरे.

औषधांचा इतिहासही रंजक आहे, आणि सावध करणाराही. धोत्रा व खुरासानी ओवा ह्या वनस्पतींच्या कुळात सापडणारे हायोसिन नावाचे द्रव्य जून १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरणाऱ्या सैनिकांना बोट लागू नये म्हणून गोळ्यांच्या रूपाने दिले गेले. त्याहून मौजेची हकिकत १९४७ सालची. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉप्किन्स रुग्णालयात गे आणि कार्लिनर हे दोन डॉक्टर अंगावर पित्त उठणाऱ्या रोग्यांवर एक नवे औषध अजमावीत होते. त्यांच्यापैकी एका गर्भवती स्त्रीला जन्मभर गाडी लागत असे. औषध सुरू झाल्यापासून ट्रॅममधून येताना आपल्याला मळमळत नाही, असे तिने सहज सांगितले. डॉक्टरांनी ते बोलणे वाऱ्यावर सोडले नाही. नोव्हेंबर १९४८ मध्ये न्यूयॉर्कहून जर्मनीकडे निघालेल्या एका लष्करी जहाजावर काही सैनिकांना ते औषध आणि काहींना तशाच दिसणाऱ्या निरौषधी गोळ्या देऊन त्यांनी पडताळा घेतला, आणि डायमेनहायड्रिनेट हे औषध जगाला मिळाले. रोग्याच्या साध्या बोलण्याकडे लक्ष दिल्याचे हे फळ होय.

ह्या वर्गातील औषधे प्रवासापूर्वी अर्धा ते एक तास घ्यावी लागतात. एकदा मळमळ सुरू झाल्यावर गिळलेली गोळी बहुधा उपयोगी पडत नाही. त्यांनी गुंगी येते, आणि काही मुले तर उलट चेकाळतात. प्रोमेथाझिन ह्या औषधाच्या बाबतीत २००४ साली अमेरिकेच्या औषध-नियंत्रण खात्याने सर्वांत कडक इशारा दिला : दोन वर्षांखालील मुलांना ते मुळीच देऊ नये, कारण त्याने श्वास मंदावून मृत्यू ओढवू शकतो. ज्या वयात गाडी क्वचितच लागते, त्याच वयात हे औषध सर्वांत घातक असावे, ही गोष्ट प्रत्येक पालकाने ध्यानात ठेवण्याजोगी आहे. जुलाब-वांत्यांच्या साथीत उपयोगी पडणारे ऑन्डान्सेट्रॉनही गाडी लागण्यावर फारसे गुणकारी ठरलेले नाही. म्हणून मोठ्या माणसाची गोळी अर्धी मोडून मुलाला देण्याची रीत सोडून द्यावी, आणि मात्रा डॉक्टरांनाच ठरवू द्यावी. आजीच्या बटव्यातील आल्याविषयीही प्रयोग झालेले आहेत. १९८२ सालच्या एका प्रयोगात त्याचा गुण दिसला, पुढच्या काहींत दिसला नाही. तरी आलेपाकाच्या एका वडीने मुलाला दिलासा मिळत असेल, तर तो नाकारण्याचे कारण नाही.

मात्र गाडीत नसतानाही मुलाला घेरी येत असेल, पहाटे उठल्याबरोबर वांती होत असेल, चालताना तोल जात असेल वा डोके दुखत असेल, तर ते गाडी लागणे नव्हे. तेथे वैद्यकीय तपासणीला विलंब करू नये.

सेनेकाच्या उडीपासून बाल्टिमोरच्या ट्रॅमपर्यंतचा हा इतिहास शेवटी एकच गोष्ट सांगतो. हे दुखणे हट्टाचे नाही, खादाडपणाचे नाही, भित्रेपणाचेही नाही. डोळा आणि कान ह्यांच्या भांडणात सापडलेल्या मेंदूचे ते दुखणे आहे, आणि बहुतेक मुले वाढत्या वयाबरोबर त्यातून सुटतात. तोवर घाटातल्या चौथ्या वळणावर मूल गप्प झाले, तर काय खाल्लेस हे विचारण्याऐवजी त्याच्या हातातले पुस्तक हलकेच काढून घ्यावे, काच खाली करावी, आणि म्हणावे, ‘तो समोरचा डोंगर दिसतो का? त्याच्याकडे बघत राहा.’